इथे चालतंय

धुकं इतकं दाट होतं की रस्त्यापलीकडचं टायरचं दुकान जागेवर आहे की रातोरात कुणी उचलून नेलं, हे हातोड्याच्या आवाजावरूनच ठरवावं लागत होतं. गाड्या दिवे लावून चाचपडत पुढे सरकत होत्या. असली हवा सगळ्यांना वैताग आणायची, पण नापासबाईला ती सोयीची वाटे. कुणाचे दिवे तिरळे आहेत, कुणाचा एकच डोळा शाबूत आहे, ते गाडी फाटकातून आत शिरायच्या आधीच कळायचं.

शटर वर ढकलून, अंगात निळा डगला अडकवून ती आधी खड्ड्यात उतरली. गाडी वर उभी करून तिचं पोट खालून बघता यावं म्हणून जमिनीत खणलेला हा खड्डा. माणूस ताठ उभा राहील एवढा खोल, तळाला फरशी, दोन्ही भिंतींना दिव्यांच्या लांब नळ्या. ऑइलची वाफ आणि रस्त्याची धूळ मिळून त्या नळ्यांवर रोज एक चिकट थर धरायचा. तो रोज सकाळी पुसणं हे तिचं काम. दुसऱ्या कुणाला ती ते करू देत नसे. "दिवा पिवळा पडला की गंजसुद्धा सोन्यासारखा दिसायला लागतो," असं तिचं म्हणणं.

"बाई, एवढ्या धुक्यात कोण येतंय मरायला," वरून मामाने आवाज दिला. मामा म्हणजे तिच्याकडचा म्हातारा मेकॅनिक. कुणाचा मामा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या हाकेला मान वळवायची. "चहा तरी घ्या वर येऊन."

"मरायला कुणी येत नाही इथे, मामा. स्टिकर घ्यायला येतात. मरण टळतं ते वरचं."

तिचं खरं नाव तपासणीच्या कागदाखालच्या सहीत होतं, आणि सही कुणाला वाचता येत नसे. लोकांसाठी ती समोर बाई, पाठीमागे नापासबाई, आणि गाडी नापास झाल्यावर आणखी जे काही असेल ते छापण्यासारखं नाही.

गॅरेज मूळचं सासऱ्याचं. गाड्यांची तपासणी करून रस्त्यावर चालवायला लायक आहेत असा शिक्का द्यायचा, हा धंदा. नवरा एकुलता एक, पण खड्ड्यात उतरला की त्याचा श्वास कोंडायचा. तो वर काउंटरवर बसायचा, लोकांना चहा पाजायचा आणि बायकोने जे तोंडावर फेकलं असेल ते गोड करून सांगायचा. म्हणजे खाली उतरायला सून उरली. सासरा म्हणाला होता, "बाईमाणूस खड्ड्यात उतरणार? लोक काय म्हणतील?" त्यावर ती म्हणाली होती, "लग्नात तुम्हीच सांगितलंत ना, या घरात सुनेला काही कमी पडणार नाही. मग एक खड्डाच का कमी पडावा?"

शिकून तयार झाल्यावर तिने पहिली नापास केली ती सासऱ्याचीच जीप. सासरा म्हणाला, "घरची गाडी आहे. चालतंय."

"चालतंय ते दिसतंय, बाबा. थांबतंय का ते सांगा."

सासऱ्याने बरेच दिवस अबोला धरला. समोर बसलेल्या सुनेकडून पाणी हवं असलं तरी मुलाकरवी मागवायचा. मग एक दिवस जीप नवे ब्रेक घालून परत आली आणि सासऱ्याने शिक्का तिच्यापुढे ठेवला. "आता नापास करून दाखव."

"आज नाही. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. म्हातारा तोंडातल्या तोंडात हसला, आणि त्यानंतर त्या शिक्क्याला त्याने हात लावला नाही.

'चालतंय' या शब्दाशी तिचं वैर जडलं ते तेव्हापासून. येणारा प्रत्येक माणूस हाच एक शब्द घेऊन यायचा. टायर गुळगुळीत, पण चालतंय. हॉर्न मुका, पण चालतंय. शेवटी तिने रंगाऱ्याला बोलावून फाटकालगतच्या भिंतीवर बोर्ड करून घेतला. वरच्या ओळीत 'इथे चालतंय', खालच्या ओळीत 'म्हणू नये'. बोर्ड लागून वर्ष होतं न होतं तोच एक ट्रकवाला उतारावरून आत वळला. खिडकीतून डोकं काढून तो म्हणतच होता, "बाई, सगळं चालतंय, नुसता स्टिकर मारा," आणि ट्रक काही थांबेना. बोर्डाचा खालचा अर्धा तुकडा तोडून, भिंतीला भगदाड पाडून मग तो थांबला. तेव्हापासून गॅरेजच्या फाटकाशी मोठ्या लाल अक्षरांत एवढंच होतं: इथे चालतंय.

नवरा म्हणे, "अगं, नवीन करून घेऊ. लोक हसतात."

"हसू देत. भगदाडही दिसतं ना त्यांना."

भगदाड तिने विटांनी बुजवलं होतं, पण वर गिलावा होऊ दिला नव्हता.

तिचा आणखी एक नियम होता. गाडी नापास झाली की मालकाने नाहीतर ड्रायव्हरने स्वतः खाली यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. "आधी खड्ड्यात उतरा," एवढंच ती म्हणायची. नव्या माणसाला ती शिवीच वाटे. एक बँकेतले साहेब तर तावातावाने काउंटरवर गेले होते, "तुमच्या मिसेस मला खड्ड्यात जा म्हणाल्या." नवऱ्याने त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "साहेब, बरोबर म्हणाल्या. शिडी त्या बाजूला आहे."

त्या सकाळी तिची शेवटची नळी पुसून व्हायची होती, तेवढ्यात डोक्यावर पिवळं काहीतरी सरकलं आणि खड्ड्यात वरून येणारा उजेड गेला. शाळेची बस. ती कुणाची ते बघायला तिला वर यावं लागलं नाही. हॉर्न वाजवायची ती पद्धत, दोन छोटे आणि एक लांबलचक, घरातल्या सायकलच्या घंटीपासूनची होती. तिचा धाकटा भाऊ. शाळेतल्या पोरांचा बसवाला काका.

"ताई, मुलांना सोडून सरळ इकडे आलो. शाळा सुटायच्या आत परत जायचंय. स्टिकर मार, मी पळतो."

"पळ की. बस ठेवून पळ."

"बघ ना जरा लवकर. शेठ सकाळपासून फोन करतायत."

ती बघायला लागली. ब्रेक ठीक. स्टिअरिंग ठीक. भावाने बस जपली होती. मग ती मागच्या बाजूला सरकली आणि थबकली. बसचं सगळं पोट धुळीने आणि चिखलाने राखाडी झालेलं, आणि मागच्या चाकांचे कमानपाटे जिथे चासीच्या, म्हणजे बसच्या सांगाड्याच्या, लोखंडी पट्टीला टांगलेले असतात तिथेच हातभर जागा नव्या काळ्या रंगाने चकचकत होती. माणसाने अंघोळ न करता एकाच गालाला पावडर लावावी तशी.

तिने खिशातली छोटी हातोडी काढली. ठण. ठण. ठण. रंगाजवळ आली तसा आवाज बदलला. ठप.

स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर रंगाचं सालपट लोंबायला लागलं. त्यामागे गंजाचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांमागे एक चीर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यात सहज शिरलं.

ती शिडीवरून अर्धी वर आली. भाऊ कठड्याशी उभा राहून मोबाइलमध्ये वेळ बघत होता.

"नखं दाखव."

"काय? शाळेत आहे का मी?"

"दाखव म्हणते ना."

नखांच्या कडांना काळा रंग अजून तसाच होता. भावाने हात खिशात घातला. "शेठ म्हणाले, खाली गंज दिसतोय, पासिंगच्या आधी रंग मारून घे. मारला. अंगणात खाली झोपून मारला, काही दिसत नव्हतं. रंगाने गंज थांबतो ना?"

"थांबतो. दिसायचा थांबतो."

"म्हणजे?"

"म्हणजे नापास."

भावाचं तोंड उतरलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताई, माझ्या हातून बस नापास झाली तर शेठ उद्या मला दारात उभं करणार नाहीत. घरात काय परिस्थिती आहे तुला माहितीये. बायकोचे दिवस भरत आलेत. यावेळी सही कर. सुट्टी लागली की मी स्वतः वेल्डिंग करून घेतो, शप्पथ."

"सुट्टी लागेपर्यंत काय करायचं? चिरेला सांगायचं का, जरा दम धर म्हणून?"

तो पाय आपटत बाहेर गेला. नापासबाईने हातोडी पुसली. हातोडी पुसून होते न होते तोच तिचा फोन वाजला. आई. म्हणजे कागाळी पोचली होती.

"तुला भाऊ किती गं?" आईने सुरुवातच तिथून केली.

"एकच."

"आणि जगात बस किती?"

"आई, तो एकच भाऊ त्या बसमध्ये सगळ्यात पुढे बसतो."

"पुढे बसतो ना? तो म्हणाला, मागचं काहीतरी खराब आहे. मग त्याला काय होतंय?"

"आणि मागे कोण बसतं?"

आईने विषयच बदलला. मग म्हणाली, "गाड्यांचे ब्रेक बघत हिंडतेस, तुझ्या जिभेला मात्र देवाने ब्रेक दिला नाही. त्याची नोकरी गेली तर माझ्या दारात येऊ नकोस." आणि फोन बंद.

नवरा काउंटरवरून हे सगळं ऐकत होता. त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "आईंचं एवढं मनावर घेऊ नकोस."

"घेतलंय," ती म्हणाली. "घेऊनच काम करतेय."

धुकं थोडं विरळ झालं तसे बसमालक शेठ आले. पांढरे बूट, पांढरी गाडी, आवाज मात्र मऊ. शेठ रागावले की त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा, हे त्यांच्याकडे काम करणाऱ्यांना ठाऊक होतं. भावाने मान खाली घातली.

"काय हे, बाई? सख्ख्या भावाची बस नापास? घरच्यांना तरी सोडा." मग त्यांनी फाटकाकडे बोट केलं. "तुमच्याच दारावर लिहिलंय, इथे चालतंय. सगळ्यांचं चालतं, मग आमचंच का चालू नये?"

मामाला चहाचा ठसका लागला.

"त्या बोर्डाखालच्या विटा बघा, शेठ. दुसरी ओळ तिथे पडली," ती म्हणाली. "ज्याने पाडली तोही चालतंय म्हणतच आला होता."

"बरं, राहू द्या." शेठ हसले. "पुलापलीकडे दुसरं सेंटर आहे. तिथे गाडी फाटकात उभी केली तरी पुरते. दुपारची फेरी झाली की तिकडे पाठवतो, संध्याकाळी काचेवर स्टिकर लागलेला असेल. तुमच्या नापासला विचारतो कोण?"

हे मात्र खरं होतं, आणि इथेच तिचं घोडं अडलं. नवरा डोळ्यांनी खुणावत होता: सोड. आपण सही केली नाही. उद्या काही झालं तर पहिलं विचारतील, सही कुणाची, आणि ती आपली नसेल. कायद्याने तिची जबाबदारी तिथे संपत होती. बस पुलापलीकडे जाऊन पास होणार, भाऊ ती चालवणार, आणि मागच्या बाजूला पोरं असणार. तिच्या सहीची जागा कोरी राहिली म्हणून चीर काही मिटणार नव्हती.

"आधी खड्ड्यात उतरा," ती शेठना म्हणाली.

शेठनी आपल्या बुटांकडे बघितलं. "मी? त्या घाणीत?"

"मग तू उतर," ती भावाकडे वळली.

"मी बस वरून चालवतो, ताई. मला काय कळणार आहे खाली?"

"उतर."

लहानपणी तो भिंतीवर चढून बसला की ती याच आवाजात हाक मारायची. तो उतरला. तिने त्याच्या हातात बॅटरी दिली, काळा रंग जिथे सोलला होता तिथे त्याला उभं केलं, आणि स्वतः वर येऊन बसमध्ये चढली.

आत अजून पोरांचा वास होता: खोडरबर, ओले मोजे, कुणीतरी सांडलेलं दूध. काचांवर वाफ धरली होती आणि वाफेवर बोटांनी काढलेले चेहरे होते. एकाला मिशा, एकाची जीभ बाहेर. ती सीट ओलांडत थेट मागे गेली, शेवटच्या लांब सीटपर्यंत.

"या सीटवर पोरं काय करतात रे?" तिने बसच्या तळाच्या फळीतून खाली आवाज दिला.

"उड्या मारतात," खालून भाऊ म्हणाला. "किती ओरडलो तरी तिथेच मारतात."

"तिथेच का?"

"तिथे जास्त उसळतं म्हणून. काय चाललंय तुझं?"

"बॅटरी वर धर आणि बघ."

नापासबाई दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून सीटवर चढली आणि तिने उडी मारली. बस करकरली. काउंटरवर नवऱ्याने डोळे मिटले.

"बाई, जपून हो," मामा म्हणाला. "बस जुनी आहे."

"तुम्ही गप्प बसा, मामा. माझ्या वजनाचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होतोय." तिने पुन्हा उडी मारली. "दिसलं का?"

खाली बॅटरी कशाला तरी टेकल्याचा आवाज आला.

तिने आणखी एक मारली, जोरात, दोन्ही पायांनी, पोरं मारतात तशी. "दिसलं का रे?"

"पुरे," भाऊ म्हणाला. आवाज वेगळाच होता. "ताई, पुरे. उतर तिथून खाली."

"काय दिसलं?"

"तोंड उघडतंय त्याचं. तू उडी मारलीस की उघडतंय, मग मिटतंय. बोट जाईल माझं आत."

शेठ घड्याळ बघत होते. भाऊ शिडीवरून वर आला तेव्हा त्याच्या केसांत गंजाचे कण होते. त्याने ते झटकले नाहीत. खिशातून चावी काढून शेठच्या हातात ठेवली.

"दुपारच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर बघतो मी," शेठ मऊ आवाजात म्हणाले. "ड्रायव्हर काय, ढिगाने मिळतात."

"बघा," भाऊ म्हणाला, आणि त्याने मोबाइल कानाला लावला. "वहिनी, बसवाला काका बोलतोय. दुपारी मुलीला घ्यायला तुम्हीच या. नाही, बस येणार नाही. उद्यापण नाही. मागून मोडलीये ती. हो, मी स्वतः बघितलं, आत्ताच. आणि वहिनी, वेल्डिंग केल्याचं कुणी दाखवल्याशिवाय तिला त्या बसमध्ये बसवू नका. काचेवर स्टिकर असला तरी नाही."

"फोन ठेव," शेठ म्हणाले.

"अजून बऱ्याच जणांना करायचाय." तो पुढचा नंबर लावत होता. "तुम्हीच म्हणाला होतात ना, पालकांची कटकट तू सांभाळ. सगळ्यांचे नंबर माझ्याकडेच आहेत."

तिसऱ्या फोनवर तो बोलत होता तेव्हा शेठचाही फोन वाजायला लागला. पहिल्या वहिनींनी शाळेत कळवलं होतं, आणि शाळेच्या मोठ्या बाई फोनवर होत्या. शेठ फाटकापर्यंत गेले, बराच वेळ "नाही मॅडम, हो मॅडम" करत राहिले, मग परत आले. आता आवाज मऊ नव्हता.

"क्रेन बोलावतो. वेल्डिंगला टाकतो. झालं समाधान?" ते भावाला म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नकोस." मग तिच्याकडे वळले. "आणि माझी एकही बस यापुढे इथे येणार नाही. खड्ड्यात गेलं तुमचं सेंटर."

"खड्ड्यातच आहे, शेठ," ती म्हणाली. "म्हणून तर दिसतं."

क्रेनने बस मागून उचलून ओढत नेली. काचांवरचे वाफेचे चेहरे तोवर ओघळून गेले होते. शेठची पांढरी गाडी तिच्यामागे गेली. जाताना तिचा एक मागचा दिवा लागत नव्हता, हे मामाने आणि नापासबाईने एकदमच बघितलं.

भाऊ टायरच्या ढिगावर बसून उरलेले फोन करत होता. ते संपल्यावर तो तसाच बसून राहिला. नवऱ्याने त्याच्या हातात चहा दिला. तो त्याने प्यायला नाही.

"तुझं बरं आहे, ताई," तो म्हणाला. "तुझं गॅरेज तुझ्याकडे राहिलं."

ती त्याच्या शेजारी टेकली. त्याच्या केसांतला गंजाचा एक पापुद्रा तिने चिमटीत धरून काढला. त्याने मान बाजूला घेतली, पण उठला नाही.

"आईला फोन कर," ती म्हणाली. "माझा ती उचलणार नाही."

"काय सांगू तिला?"

"सांग, ताईने नापास केलं."

"कुणाला? बसला की मला?"

"ते तिचं तिला ठरवू दे."

त्याच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी आलं. त्याने आईचा नंबर लावला आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला. आईचा आवाज इतक्या लांबूनही ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते.

नापासबाई उठली, खांद्यावरचं फडकं काढलं आणि शिडी उतरली. खड्ड्यात पुन्हा वरचा उजेड होता. फरशीवर काळ्या रंगाची सालपटं पडली होती, ती तिने पायाने कोपऱ्यात सारली. शेवटची नळी सकाळी अर्धीच पुसून राहिली होती, अर्धी पांढरी, अर्धी पिवळी.

वर फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला. "बाई," टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "गाडी आत घेऊ का? सगळं एकदम ओके आहे, चाल..." त्याची नजर बोर्डावर गेली असावी, कारण पुढचा शब्द त्याने गिळला.

"घे," ती खालून म्हणाली. "पण हळू घे. मी खाली आहे."

आणि तिने नळीचा पिवळा अर्धा भाग पुसायला घेतला.